परतीसाठी राखलेली वीज

छोट्या मोटारबोटीवर दोन बॅटऱ्या बसवण्याचा हेतू जास्त वीज साठवणे हा नसून, विजेचा एक वाटा कोणत्याही परिस्थितीत खर्च होऊ न देणे हा असतो. हा फरक बोलण्यात लहान वाटला तरी बोटीवरची सगळी वायरिंग त्यावरच ठरते, कारण दोन बॅटऱ्या नुसत्या एकमेकींना जोडून ठेवल्या तर विजेच्या दृष्टीने त्यांची एकच मोठी बॅटरी होते, त्या एकत्र भरतात आणि एकत्रच उतरतात, आणि रात्रभर दिवे व यंत्रे चालवून पहाटे इंजिनाचा सेल्फ मारायची वेळ आली की दोघीही एकदम हात टेकतात. खऱ्या अर्थाने दोन बॅटऱ्यांची जोडणी तीच, जिच्यात एक बॅटरी केवळ इंजिन सुरू करण्यासाठी राखलेली असते, दुसरी बोटीवरची बाकी सगळी कामे करते, इंजिन चालू असताना दोन्ही भरतात आणि इंजिन बंद पडताच त्या एकमेकींपासून वेगळ्या होतात.

हा विषय एरवी शर्यतीच्या किंवा हौसेच्या बोटींचा वाटला असता. परंतु मालवण, देवगड, हर्णै यांसारख्या बंदरांत आज वीस-पंचवीस फुटी फायबरच्या बोटी मागे आउटबोर्ड इंजिन लावून मासेमारीलाही जातात आणि पर्यटकांनाही समुद्रात नेतात, आणि त्यांच्यावरची विजेची गरज वाढत चालली आहे. दोरी ओढून सुरू होणाऱ्या इंजिनाच्या होडीवर एक विजेरी असली तरी भागत असे. आता मासे व खोली दाखवणारा फिशफाइंडर, जीपीएस, व्हीएचएफ रेडिओ, नाळेवरचे लाल-हिरवे दिवे, मोबाइलचे चार्जर आणि बोटीच्या तळात साचलेले पाणी उपसणारा बिल्ज पंप ही सर्व मंडळी एकाच बॅटरीकडे हात पसरून असतात. त्यात, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते ज्या योजनेचा देशपातळीवर आरंभ झाला, तिच्यानुसार किनारपट्टीच्या राज्यांतील एक लाख मासेमारी नौकांवर ‘इस्रो’ने विकसित केलेले उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपॉन्डर बसवायचे आहेत. संकटकाळी किनाऱ्याशी बोलणे जर यंत्रावर सोपवायचे असेल, तर त्या यंत्राच्या मागची वीजही तितकीच भरवशाची असली पाहिजे, आणि या बाजूकडे व्हावी तेवढी चर्चा होत नाही.

इंजिन सुरू करणे आणि दिवा लावणे ही दोन्ही कामे विजेचीच असली तरी त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. सेल्फ मारताना स्टार्टरची मोटर शे-दीडशे अँपिअरचा प्रवाह खेचते, पण तो दोन-तीन सेकंदच. दीडशे अँपिअर तीन सेकंद वाहिले तर खर्च होणारी वीज एका अँपिअर-तासाचा जेमतेम आठवा भाग भरते. अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअरचा प्रवाह तासभर वाहिल्यावर होणारी विजेची मोजदाद. याउलट १ अँपिअर घेणारा फिशफाइंडर आठ तास चालला तर आठ अँपिअर-तास, म्हणजे इंजिन साठ-पासष्ट वेळा सुरू करण्याइतकी वीज, कोणाच्या लक्षातही न येता संपते. पहिल्या कामाला वीज थोडी पण जोरदार लागते, दुसऱ्याला प्रवाह बेताचा पण पुष्कळ वेळ लागतो. म्हणूनच अर्धीअधिक उतरलेल्या बॅटरीवर दिवा व्यवस्थित जळतो, पडदा उजळतो, रेडिओही बोलतो, आणि किल्ली फिरवताच मात्र स्टार्टरमधून नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. उतरलेल्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो, त्यामुळे मोठा प्रवाह मागताच तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कोसळतो. दिवा जळतो आहे म्हणजे बॅटरी ठीक आहे, हा समज समुद्रात घातक ठरतो तो यामुळे.

या दोन स्वभावांसाठी बॅटऱ्याही निरनिराळ्या बनतात. फ्रान्सच्या गास्ताँ प्लान्ते याने १८५९ मध्ये तयार केलेली शिसे व आम्ल यांची बॅटरी आजही मुळात तीच आहे: शिशाच्या पट्ट्या, सौम्य गंधकाम्ल, आणि सुमारे २.१ व्होल्टचा एक असे सहा कोश. इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ पट्ट्या असतात, त्यामुळे आम्लाला भिडणारे क्षेत्रफळ वाढते व एकदम मोठा प्रवाह मिळतो. पण ती वारंवार खोलवर उतरवली तर पट्ट्यांवरचे द्रव्य झडते आणि थोड्याच आवर्तनांत ती निकामी होते. ‘डीप सायकल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटरीत पट्ट्या जाड व संख्येने कमी असतात. ती हळूहळू उतरण्यासाठी व पुन्हा भरण्यासाठी घडवलेली असते. इन्व्हर्टरला जोडली जाणारी घरातली बॅटरी याच जातीची, मात्र तिच्या उंच, उघड्या तोंडाच्या ठेवणीमुळे ती हेलकावणाऱ्या बोटीवर आणणे शहाणपणाचे नव्हे. बोटीसाठी आम्ल न सांडणारी, काचेच्या तंतूंच्या चटईत ते शोषून ठेवणारी एजीएम बॅटरी महाग पडली तरी बरी.

दुसरी बॅटरी किती मोठी घ्यावी हे दुकानदाराला न विचारता हिशेबाने ठरवता येते. आठ तासांच्या रात्रीसाठी फिशफाइंडरचे ८ अँपिअर-तास धरावेत. रेडिओ नुसता ऐकत असताना अर्धा अँपिअर घेतो, त्याचे ४, आणि २५ वॉटने बोलताना तो पाच-सहा अँपिअर घेत असल्यामुळे एकूण दहा मिनिटांच्या बोलण्याचा १. नांगरावर असताना डोलकाठीवर जळणाऱ्या एलईडी दिव्याचे दीड. कामापुरत्या उजेडाच्या २० वॉटच्या दिव्याचे साडेतेरा. आणि अधूनमधून मिळून अर्धा तास चालणाऱ्या पंपाचा १. (येथे कामापुरता उजेड म्हणजे जाळे दिसण्यापुरता, मासळी खेचून घेणाऱ्या एलईडीच्या प्रखर झोतांवर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, आणि पारंपरिक मच्छीमारांचा त्यांच्याविरुद्धचा राग न्याय्य आहे.) बेरीज २९ अँपिअर-तास होते. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरू दिली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून २९ च्या दुप्पट, म्हणजे ५८ च्या वरची, प्रत्यक्षात ७५ अँपिअर-तासांची बॅटरी योग्य ठरते. बॅटरीवर छापलेला आकडा बहुधा वीस तासांच्या संथ वापराचा असतो, म्हणजे ७५ ची बॅटरी पावणेचार अँपिअर वीस तास देते; प्रवाह वाढवला तर तेवढे अँपिअर-तास हाती लागत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवण्याची सर्वांत जुनी तजवीज म्हणजे चार स्थानांचा फिरता स्विच: ‘१’, ‘२’, ‘दोन्ही’ आणि ‘बंद’. तो स्वस्त आहे, दणकट आहे, आणि जगभरच्या लाखो बोटींवर आहे. परंतु त्याचे सारे यश माणसाच्या आठवणीवर टांगलेले असते. इंजिन सुरू झाल्यावर ‘दोन्ही’वर आणायचे, नांगर टाकून इंजिन बंद केले की ‘२’वर न्यायचे, हे दमलेल्या खलाशाला प्रत्येक वेळी आठवावे लागते, आणि व्यवहारात तो स्विच महिनोन्महिने ‘दोन्ही’वरच पडून राहतो, म्हणजे दोन बॅटऱ्यांचे पैसे देऊन एकीचाच उपयोग होतो. शिवाय इंजिन चालू असताना कोणी तो ‘बंद’वरून फिरवला, तर वीज तयार करणाऱ्या आल्टर्नेटरचा बॅटरीशी असलेला संबंध क्षणभर तुटतो, दाब एकदम उसळतो आणि आतले डायोड जळतात.

यावरचा एक उपाय डायोडच्या आयसोलेटरचा होता. डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. आल्टर्नेटरकडून येणारी वीज दोन झडपांतून दोन बॅटऱ्यांकडे जाते, पण एकीची वीज दुसरीकडे वळत नाही. युक्ती चोख असली तरी साध्या डायोडमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्टचा दाब गळतो, आणि १४.२ व्होल्टवर भरायची बॅटरी साडेतेरावरच राहून कायम अर्धपोटी ठेवली जाते.

आज छोट्या बोटीसाठी सर्वांत सुटसुटीत मार्ग व्होल्टेज ओळखणाऱ्या रिलेचा आहे. बाजारात त्याला व्हीएसआर म्हणतात. रिले म्हणजे विजेनेच उघडझाप करणारा स्विच. शिशाची पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास, आणि इंजिन चालू होऊन ती भरू लागली की तिच्या टोकांवरचा दाब १३.५ च्या पुढे चढतो. रिले नेमके हेच पाहत असतो. सुरू करण्याच्या बॅटरीवर दाब साधारण १३.३ ते १३.७ व्होल्टवर पोहोचला, म्हणजे इंजिन चालू आहे व या बॅटरीची पहिली भूक भागली, असे समजून तो दुसरी बॅटरी जोडून देतो. इंजिन थांबल्यावर दाब १२.८ च्या सुमारास उतरला की तो आपण होऊन सुटतो. जोडण्याचा आणि सोडण्याचा आकडा वेगळा ठेवण्यातही विचार आहे, कारण उतरलेली दुसरी बॅटरी जोडताच दाब थोडा खाली येतो, आणि दोन्ही आकडे एकच असते तर रिले सारखा लागत-सुटत राहिला असता. दोन बॅटऱ्यांपैकी कोणाला आधी भरायचे, हा प्राधान्यक्रमही यात फुकट मिळतो.

प्रत्यक्ष जोडणी पाहता, दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके एका जाड काळ्या केबलने एकमेकींना कायमची जोडलेली असतात. ही केबल स्टार्टरच्या केबलइतकीच जाड असावी लागते, कारण अडचणीच्या वेळी दुसऱ्या बॅटरीवरून सेल्फ मारायचा झाल्यास तो सारा प्रवाह याच वाटेने परततो. इंजिनाची काळी केबल पहिल्या बॅटरीच्या ऋण टोकाला येते. पहिल्या बॅटरीच्या धन टोकावरून लाल केबल एका साध्या चालू-बंद स्विचमधून इंजिनाकडे जाते. दुसरीच्या धन टोकावरून तशाच दुसऱ्या स्विचमधून दिवे, रेडिओ व इतर उपकरणांच्या फ्यूज-पेटीकडे. या दोन धन टोकांच्या मध्ये रिले बसतो, आणि दाब मोजता यावा म्हणून त्याची एक बारीक काळी तार ऋण टोकाला लावलेली असते. तिसरा एक स्विच दोन्ही बॅटऱ्या हाताने एकत्र आणण्यासाठी ठेवतात. तो एरवी बंदच असतो आणि पहिली बॅटरी दगा देईल तेव्हाच फिरवायचा असतो. जोडताना आधी धन टोक व शेवटी ऋण टोक, आणि सोडताना आधी ऋण टोक, हा क्रम मोडू नये. ऋण टोक सुटे असताना धन टोकावरचा पाना चुकून इंजिनाच्या धातूला लागला तरी काही होत नाही, तेच उलट्या क्रमात तो पाना ठिणग्या उडवत तिथेच चिकटून बसतो.

इतके सगळे बरोबर असूनही पुष्कळ जोडण्या फसतात त्या तारेच्या जाडीपायी. १२ व्होल्टच्या मंडलात दाबाची गळती फार महाग पडते. समजा, नाळेजवळचा एखादा ५ अँपिअरचा दिवा बॅटरीपासून ६ मीटरवर आहे. वीज जाते व परत येते, म्हणून तारेची लांबी १२ मीटर धरायची. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत इतक्या अंतरात ०.४१ व्होल्ट, म्हणजे सुमारे साडेतीन टक्के दाब गळतो. ४ चौरस मिलिमीटरची तार वापरली तर गळती ०.२६ व्होल्टवर, सव्वादोन टक्क्यांच्या खाली येते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात दिशादर्शक दिव्यांसारख्या महत्त्वाच्या मंडलांसाठी ३ टक्के ही मर्यादा आहे, म्हणजे पहिली तार नापास आणि दुसरी पास. स्टार्टरच्या बाबतीत गणित आणखी कडक होते: १५० अँपिअर, जाऊन-येऊन ४ मीटर आणि १६ चौरस मिलिमीटरची केबल धरली तर जवळजवळ ०.६५ व्होल्ट वाटेतच जातात, ३५ चौरस मिलिमीटरची केबल असेल तर ०.३. पंचवीसेक किलोची दुसरी बॅटरी बोटीचा तोल साधण्यासाठी नाळेकडे ठेवण्याचा मोह होतो आणि तो गैर नाही, पण मग मधल्या केबलांची जाडी त्या अंतराच्या हिशेबाने वाढवलीच पाहिजे.

खारी हवा तांब्याचे काय करते, हे वर्ष-दोन वर्षे समुद्रात गेलेल्या साध्या घरगुती वायरीचे टोक कापून पाहिले की दिसते. बाहेरचे प्लास्टिक नव्यासारखे चकचकीत असते, टोकाशी हिरवट बुरशीसारखा थर असतो, आणि तेथून वीतभर आत कापत गेले तरी तांब्याच्या बारीक तारा लालसर न दिसता काळ्या पडलेल्या असतात. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसा खारा ओलावा तारांच्या फटींतून आत चढत गेलेला असतो. म्हणून बोटीवर कथलाचा मुलामा दिलेल्या बारीक पदरांच्या तांब्याची केबलच वापरावी. तिच्या टोकाला बसणारा लग, म्हणजे भोक असलेली तांब्याची टोपी, पक्कडीने ठोकून न बसवता योग्य मापाच्या क्रिंपिंग हत्याराने दाबावा, आणि त्यावर आतून डिंक असलेली नळी गरम करून आवळावी. नळीच्या दोन्ही कडांशी डिंकाचे लहानसे वलय बाहेर आलेले दिसले की आत ओलावा शिरणार नाही असे समजावे. केवळ झाळकाम करून केलेला जोड बोटीच्या सततच्या कंपनात झाळ जेथे संपते तेथेच तुटतो.

फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो हा सर्वत्र पसरलेला गैरसमज आहे. तो तारेच्या रक्षणासाठी असतो, आणि म्हणून तो उपकरणाजवळ नव्हे तर बॅटरीजवळ, वर उल्लेखिलेल्या मानकाप्रमाणे शक्यतो ७ इंचांच्या म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटरच्या आत हवा. स्टार्टरच्या केबलला त्या मानकात या नियमातून सूट आहे. रिलेच्या केबलची दोन्ही टोके मात्र एकेका बॅटरीला लागलेली असतात. ती मध्येच घासून उघडी पडली तर वीज दोन्हीकडून धावते, म्हणून तिला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, आणि छोट्या बोटींवर एकच फ्यूज लावून वेळ मारून नेलेली असते ती बहुतेक याच जागी. बिल्ज पंपाची गोष्ट याहून निराळी. बोट बंदरात बांधून, सगळे स्विच बंद करून माणसे घरी गेली आणि रात्री पावसाचे पाणी भरले, तरी पंप चालला पाहिजे. त्यामुळे त्याची तार मुख्य स्विचला वळसा घालून, स्वतःच्या फ्यूजमधून थेट दुसऱ्या बॅटरीला जोडलेली असते.

भरणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो; तो हलका असल्याने वर चढतो, तर पेट्रोलची वाफ जड असल्याने तळाशी साचते. बॅटरीच्या पेटीला वरून हवा हवी, आणि पेट्रोलची टाकी ज्या बंद कप्प्यात आहे तेथे स्विच व रिले ठेवायचेच असतील तर ते ठिणगी बाहेर पडू न देणाऱ्या बनावटीचेच असावेत.

अलीकडे हलक्या वजनाच्या लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीचे आकर्षण वाढले आहे, पण तिला हा रिले चालत नाही. ती स्वस्थ असतानाही १३.२ ते १३.३ व्होल्ट दाखवते, त्यामुळे इंजिन बंद झाले तरी रिलेला ते कळत नाही व तो सुटत नाही. तिच्यासाठी डीसी-डीसी चार्जर नावाचे, दाब स्वतः नियंत्रित करणारे यंत्र मध्ये घालावे लागते.

रिले वीज वाटतो, निर्माण करत नाही, याचाही विसर पडू नये. लहान आउटबोर्डचा आल्टर्नेटर पूर्ण वेगाला दहा-पंधरा अँपिअर देतो आणि संथ वेगाला त्याहून पुष्कळ कमी. रात्रीचे २९ अँपिअर-तास भरून काढायला किमान तीन तास तरी बरे चालावे लागेल, आणि परतीचा प्रवास पाऊण तासाचा असेल तर तूट रोज साठत जाते. ५० वॉटचे सौरपटल कडक उन्हात तीन अँपिअरच्या आसपास देते, दिवसाकाठी बारा-तेरा अँपिअर-तास हाती येतात, आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटीला त्याचा मोठा आधार होतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी शाकारून ठेवल्या जातात तेव्हा बॅटरी जोडून तशीच सोडली तर ती आपोआप उतरत जाते, पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून, काढून, कोरड्या जागी ठेवाव्यात व दर महिन्याला पुन्हा भराव्यात.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात ढकलण्याआधी सगळी जोडणी एका साध्या मल्टिमीटरने तपासता येते. पहिल्या बॅटरीवर १२.६ दिसले की सेल्फ मारावा. आकडा क्षणभर दहा-साडेदहापर्यंत खाली जाऊन वर आला तर ठीक, नऊच्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे किंवा एखादा जोड सैल आहे. सैल जोड हुडकायला मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या टोकावर व दुसरी केबलच्या लगवर धरून सेल्फ मारावा. तेथे शून्याच्या जवळ आकडा न येता अर्धा व्होल्ट दिसला तर दोष तोच. इंजिन चालू झाले की पहिल्या बॅटरीचा आकडा चढत साडेतेराच्या पुढे जातो, रिलेतून बारीक ‘खट्’ ऐकू येते, आणि तोवर १२.३ वर असलेली दुसरी बॅटरीही वर येऊ लागते. मग इंजिन बंद करून सगळे दिवे लावावेत. थोड्या वेळाने रिले सुटतो, आणि तासाभराने पाहिले तर दुसऱ्या बॅटरीचा आकडा घसरत चाललेला असतो, पहिलीचा १२.७ वर स्थिर असतो.